एसीचा वास आणि गाडीतल्या शिंका: केबिन फिल्टर आणि त्याच्या मागची ओली कॉइल

गाडीचा एसी सुरू केला की पहिली दोन-तीन मिनिटं कोंदट, आंबूस वास येतो आणि मग तो गेल्यासारखा वाटतो. बऱ्याचदा तो गेलेला नसतोच, आपलं नाक त्याला सरावतं एवढंच, आणि वाटेत कुणी नव्याने गाडीत बसलं की त्याला तो दार उघडल्या उघडल्या कळतो. हे लिहायला बसले कारण ओळखीतल्या जवळजवळ सगळ्यांकडून मला हा प्रश्न येतो आणि त्याच्या जोडीला दुसरा, की गाडीत बसलं की शिंका का सुरू होतात, डोळे का चुरचुरतात. आमच्या घरात मुलाला धुळीची आणि परागकणांची ॲलर्जी आहे त्यामुळे या विषयात मी जरा खोलच शिरलेय, केबिन फिल्टर माझा मीच बदलते, आणि माझं आता ठाम मत झालंय की वास आणि शिंका ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्हीवर एकच उपाय म्हणून नुसता फिल्टर बदलून गप्प बसलं तर अर्धंच काम होतं.

आधी हवा येते कुठून ते बघू, ते एकदा डोळ्यासमोर आलं की बाकीचं सोपं आहे. समोरच्या काचेच्या खाली, वायपर बसवलेले असतात तिथे एक काळी प्लास्टिकची जाळी असते, बाहेरची हवा तिथून आत शिरते. मग केबिन फिल्टर, मग ब्लोअरचा पंखा, मग एसीची कूलिंग कॉइल, तिच्या पुढे हीटरची कॉइल आणि शेवटी डॅशबोर्डवरचे व्हेंट. काही गाड्यांत पंखा आधी आणि फिल्टर नंतर असतो, पण कूलिंग कॉइलच्या आधी फिल्टर हे बहुतेक सगळीकडे सारखंच. म्हणजे तो फिल्टर फक्त आपल्या नाकासाठी नाहीये, त्या कॉइलवर कचरा साठू नये म्हणूनही आहे, आणि वासाच्या बाबतीत हेच जास्त महत्त्वाचं आहे, ते पुढे सांगते.

एक घोळ इथेच मिटवून टाकते. इंजिनचा एअर फिल्टर वेगळा आणि केबिन फिल्टर वेगळा. इंजिनचा बॉनेटखाली काळ्या डब्यात असतो आणि इंजिनला लागणारी हवा गाळतो, त्याचा आपल्या श्वासाशी काही संबंध नाही. सर्व्हिसिंगच्या बिलावर नुसतं 'एअर फिल्टर बदलला' असं लिहिलेलं असलं की लोक समजतात दोन्ही झाले. कुठला बदलला ते विचारा, आणि जुना दाखवा म्हणा. केबिन फिल्टरला काही जण एसी फिल्टर म्हणतात, काही पोलन फिल्टर म्हणतात, वस्तू एकच. काही गाड्यांच्या बेसिक मॉडेलमध्ये तर फिल्टरची जागा असते पण आत फिल्टरच बसवलेला नसतो, नुसतं झाकण असतं. तुमच्या गाडीत आहे की नाही हे झाकण उघडून स्वतः बघितल्याशिवाय गृहीत धरू नका.

आता शिंकांकडे. परागकण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे असतात, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज येईल. बुरशीचे बीजाणू बहुतेक २ ते २० मायक्रॉन. म्हणजे आख्खे परागकण अडवणं तसं अवघड काम नाही, साधा पांढरा घडीघडीचा फिल्टर नीट बसवलेला असेल तर तो ते चांगलं करतो. खरा प्रश्न येतो त्याहून बारीक कणांचा. धूर, डिझेलची काजळी, टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ यातला बराच भाग पीएम २.५ मध्ये मोडतो, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, आणि मांजराच्या ॲलर्जीला कारण असणारं प्रथिन असल्याच बारीक कणांवर बसून फिरतं, कपड्यांना चिकटून गाडीत येतं. परागकणांचेही तुकडे होतात. गवताचे परागकण ओले होऊन फुटले की आतले बारीक स्टार्चचे कण बाहेर पडतात आणि ते सरळ फुफ्फुसात खोलवर जाऊ शकतात. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये वादळी पावसाच्या वेळी हेच मोठ्या प्रमाणावर झालं, हजारो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात जावं लागलं आणि १० जण दगावले. असं रोज होत नाही, पण वादळी हवेत ॲलर्जीवाल्या माणसाला गाडीची काच उघडी ठेवू नको असं मी का सांगते ते यावरून कळेल.

हे बारीक कण फिल्टर अडवतो कसे, तर फक्त भोकं लहान ठेवून नाही. तेवढी लहान भोकं ठेवली तर हवाच जाणार नाही. फिल्टरच्या न विणलेल्या कापडासारख्या धाग्यांवर कारखान्यातच विजेचा भार दिलेला असतो, त्यामुळे जवळून जाणारा बारीक कण धाग्याकडे ओढला जाऊन चिकटतो. हा भार कायमचा टिकत नाही. धूळ, काजळी, तेलकट धूर चढत गेला की तो निकामी होत जातो. यातली गोम अशी की वरून फिल्टर फार मळलेला दिसत नसला तरी त्याची बारीक कण पकडायची ताकद गेलेली असू शकते, त्यामुळे 'अजून बरा दिसतोय की, चालेल अजून' हा हिशोब ॲलर्जीवाल्या घरात करू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि याच कारणासाठी तो धुवायचा नाही. पाण्याने धुतला, साबणाच्या पाण्यात बुडवला की धाग्यांवरचा भार जातो, घड्या बसतात, आणि नीट वाळला नाही तर ओलसर कापडावर बुरशी धरते, म्हणजे ज्याच्यासाठी फिल्टर आहे तेच आपण त्याच्यात वाढवतो. गॅरेजमध्ये हवेच्या पाइपाने फुर्रकन उडवून परत बसवतात तेही नको, जोराच्या हवेने धागे विस्कटतात. वरचा पालापाचोळा हाताने काढून, हलकेच झटकून नवीन मिळेपर्यंत चार दिवस वापरलात तर ठीक आहे. धुता येतील असे जाळीदार फिल्टर वेगळे मिळतात, पण त्यांची जाळी सहसा जाड असते, पाचोळा आणि मोठी धूळ अडवायला बरे, माझ्या मुलासारख्यासाठी मी ते घेणार नाही.

गाडी चालवताना शिंका येणं ही नुसती कटकट नाहीये हेही सांगायला हवं. शिंकताना डोळे मिटतात. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, आणि शिंक क्वचितच एकटी येते. त्यात काही लोक ॲलर्जीची गोळी घेऊन चालवतात, त्यातल्या काही जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी चांगलीच झोप येते. म्हणून आधी गाडीतली हवा नीट करा आणि गोळीचं डॉक्टरांना विचारून ठरवा, कुठली घेऊन गाडी चालवलेली चालेल ते ते सांगतील.

बाजारात गेलात की तीन प्रकार दिसतील. पांढरा साधा, करड्या-काळ्या रंगाचा ॲक्टिव्हेटेड कार्बनचा आणि पाकिटावर हेपा लिहिलेला. कार्बनवाला जो असतो त्यात कोळशाचे असंख्य सूक्ष्म छिद्रं असलेले दाणे असतात, एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं, आणि वासाचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. पुढच्या ट्रकचा धूर, कचऱ्याचा वास, रस्त्यावरचा डांबराचा वास, ओझोन यावर त्याचा फरक खरंच जाणवतो. पण जागा भरली की संपलं, नंतर तो वासासाठी नुसता पांढऱ्या फिल्टरसारखाच. हेपा म्हणजे मुळात ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर, आणि तेवढं गाळायचं तर हवेला अडथळाही जास्त होतो, म्हणून त्याला घड्यांचं क्षेत्रफळ भरपूर लागतं. टेस्लाने २०१५ मध्ये मॉडेल एक्स आणली तेव्हा त्यात हेपा फिल्टर दिला तर तो नेहमीच्या केबिन फिल्टरच्या कितीतरी पट मोठा होता, उगाच नाही. त्यामुळे तळहाताएवढ्या पातळ फिल्टरच्या पाकिटावर हेपा छापलेलं दिसलं की मी लगेच विश्वास ठेवत नाही. केबिन फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ १११५५ नावाचं मानक आहे, त्याचा एक भाग कणांसाठी आणि एक वायूंसाठी, आणि फिल्टर बनवणारी कंपनी त्यानुसार आकडे देत असेल तर ते नुसत्या जाहिरातीपेक्षा बरं. माझी निवड सांगायची तर चांगल्या कंपनीचा, गाडीच्या मॉडेलप्रमाणे बरोब्बर मापाचा कार्बन फिल्टर. मापाचं तर फारच बघते मी, कारण कडेला काडीएवढी जरी फट राहिली तरी हवा सोपा रस्ता धरते, ती फटीतूनच जाणार, मग आतलं कापड कितीही भारी असो.

गाडीत हवा गाळून घ्यायची कल्पना काही आजची नाही बरं का, अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची हवा गाळून आणि गरम करून आत घ्यायची सोय आपल्या गाड्यांत दिली होती.

आता वास. माझ्या भावाने फिल्टर बदलला आणि पुढच्याच आठवड्यात फोन. "ताई, नवीन फिल्टर टाकला तरी वास तसाच येतोय गं, पैसे वाया गेले."

"वाया नाही गेले रे. वास फिल्टरचा नव्हताच, मागच्या कॉइलचा आहे. शेजारच्या सीटपुढचं कार्पेट हाताने दाबून बघ बरं, ओलं लागतंय का?"

ओलं होतं.

तर ही कॉइल काय भानगड आहे ते सांगते. एसी चालू असताना तिचं तापमान शून्याच्या थोडंच वर असतं. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून जसे थेंब धरतात तसं हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं, आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पातळ पात्यांमधून ते पाणी खाली एका ट्रेमध्ये उतरतं, तिथून एका नळीतून गाडीच्या खाली. एसी लावून उभ्या गाडीखाली स्वच्छ पाणी टपकताना दिसतं ते हेच, ते टपकायलाच हवं. टपकत नसेल आणि हवा दमट असेल तर उलट काळजी करा. आता त्या ओल्या पात्यांवर धूळ, परागकण, कापडाचे तंतू, केस, त्वचेचा कोंडा असं सगळं चिकटलं की जंतूंना आणि बुरशीला राहायला घर आणि खायला अन्न दोन्ही मिळालं, आणि गाडी बंद केल्यावर आत अंधार, ओल आणि उबदार हवा. दुसऱ्या दिवशी एसी लावला की पहिला झोत तिथलाच वास घेऊन येतो. हा वास आणि ही बुरशी फिल्टरच्या पलीकडे आहे, हवा फिल्टरमधून गेल्यानंतर तिथे पोचते, म्हणून फिल्टर कितीही नवा असला तरी तो तिला अडवू शकत नाही. आणि ज्याला बुरशीची ॲलर्जी आहे त्याला तर हा झोत थेट तोंडावर.

यावर मला सगळ्यात जास्त फायदा एका सवयीचा झालाय, आणि तिला काही खर्च नाही. मुक्कामाला पोचायच्या दोन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करायचं पण ब्लोअर जरा मोठा करून चालू ठेवायचा. कंप्रेसर थांबला की कॉइल हळूहळू गरम होते आणि वारा तिला सुकवतो. त्या चार मिनिटांत व्हेंटमधून येणारी हवा किंचित दमट लागते, काच जराशी धुरकट होऊ पाहते, म्हणजे कॉइलवरचं पाणी निघतंय असं समजा, पावसात मात्र काच धुरकट व्हायला लागली की एसी परत लावा, समोरचं दिसणं आधी. काही नवीन गाड्यांत गाडी बंद केल्यावर ब्लोअर आपोआप थोडा वेळ फिरून कॉइल सुकवतो, तशी सोय असेल तर मॅन्युअलमध्ये बघून ती चालू आहे ना याची खात्री करा.

वास आधीच मुरला असेल तर सवयीने तो जाणार नाही, कॉइल स्वच्छच करावी लागते. त्यासाठी फेसाचे क्लीनर मिळतात, फिल्टर काढून त्या जागेतून किंवा खालच्या पाण्याच्या नळीतून लांब पाइप घालून तो फेस कॉइलपर्यंत पोचवतात, डब्यावर लिहिलेला वेळ तसाच ठेवतात आणि मग तो विरघळून नळीतून काळपट पाणी होऊन खाली येतो. ब्लोअरच्या मोटरवर आणि वायरींच्या जोडांवर फेस जाता कामा नये, आणि नंतर सगळ्या काचा उघड्या ठेवून पंखा जोरात चालवून आतलं सुकवायचं, ॲलर्जीवाल्याला त्या वेळी गाडीत बसवायचं नाही. खात्री नसेल तर सरळ एसीचं काम करणाऱ्या मेकॅनिककडून करून घ्या, यात कमीपणा काही नाही. फक्त क्रम सांभाळा, आधी कॉइल साफ, मग नवीन फिल्टर. उलट केलं तर नव्या फिल्टरलाच ओल आणि वास लागतो.

भावाच्या गाडीत पाणी जाणारी नळी चिखलाने बुजलेली होती. गाडीखाली वाकून बघितलं तर रबरी नळीचं टोक मातीने लिंपल्यासारखं बंद, बोटांनी नुसतं चुरगाळल्यावर माती सुटली आणि आत अडकलेलं गढूळ पाणी भसकन बाहेर आलं. ते इतके दिवस ट्रेमधून ओसंडून कार्पेटखालच्या फोममध्ये मुरत होतं. कार्पेट वरून वाळतं, फोम वाळत नाही, त्यामुळे मॅट काढून, कार्पेट उचलून खाली हवा लागू द्यावी लागली तेव्हा कुठे वास पूर्ण गेला. कार्पेटचं पाणी कधी सनरूफच्या बुजलेल्या नळ्यांमुळेही येतं, ते मात्र पावसानंतर दिसतं आणि एसीचं पाणी एसी वापरल्यावर, एवढा फरक लक्षात ठेवला की शोधायला सोपं जातं.

वास आला की परफ्यूमची बाटली टांगायची, व्हेंटला जेलची डबी लावायची, हे मला अजिबात पटत नाही. वासावर वास चढतो, मूळ तिथेच राहतं, आणि सुगंधी रसायनांनीच कित्येकांचं नाक चोंदतं, डोकं दुखतं. दम्याच्या माणसाला तर उन्हात तापलेल्या बंद गाडीतला परफ्यूम सहन होत नाही. आमच्या गाडीत एकही नाही.

फिल्टर बदलायची कृती आता सविस्तर लिहिते, बहुतेक गाड्यांत हत्यारसुद्धा लागत नाही. बहुतेकदा फिल्टर ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, काही गाड्यांत डॅशबोर्डच्या खाली पायाशी, काहींत बॉनेट उघडून वायपरच्या जाळीखाली. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. गाडी बंद, ब्लोअर बंद. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायचा, त्याच्या एका कडेला बारीक दोरी किंवा दांडी असते, झाकण हळू उघडावं म्हणून असते ती, ती आधी सोडवायची कारण ओढाताणीत तीच तुटते. मग कप्प्याच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाला दाबल्या की अडकवलेली टोकं सुटतात आणि कप्पा खाली लोंबतो. मागे लांबट प्लास्टिकचं झाकण दिसेल, त्याच्या कडेच्या क्लिपा दाबून काढायचं. फिल्टर सरळ, आडवा धरून हळूहळू बाहेर ओढायचा, वाकडा केला की घड्यांत साठलेला पाचोळा आत पंख्यात पडतो. बाहेर ओढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, कडेवर बाण कुठल्या दिशेला आहे ते त्यात दिसलं पाहिजे.

काढलेला फिल्टर कागदावर ठेवून जरा नीट बघाच. एका बाजूला घड्यांच्या दऱ्या करड्या मऊ धुळीने भरलेल्या, त्यात वाळकी पानं, किड्यांचे पंख, पिसांसारखं उडणारं बी, आणि उलटी बाजू बऱ्यापैकी पांढरी. जी मळकी ती हवा येण्याची बाजू, म्हणजे बाण कुणी नीट बघून बसवला होता की नाही हे तुम्हाला तिथेच कळतं. ओलसर डाग किंवा काळे-हिरवे ठिपके असतील तर पाणी आत येतंय, मग वायपरखालची जाळी तपासायची. जागेत टॉर्च मारून बघा, आत पाचोळा असेल तर व्हॅक्यूमने ओढून घ्या. पंख्यात एखादं बी पडलेलं असेल तर ब्लोअर लावल्यावर टकटक आवाज येतो, तेही याच वेळी निघतं.

नवीन बसवताना बाणाचं एकच लक्षात ठेवायचं, पण ते नीट. बाणाशेजारी 'एअर फ्लो' लिहिलेलं असेल तर बाण हवा ज्या दिशेने जाते त्या दिशेला, आणि 'अप' लिहिलेलं असेल तर नुसता वरच्या बाजूला. दोन्ही वेगळे आहेत. हवा कुठल्या दिशेने जाते ते कळत नसेल तर पंखा कुठे आहे ते बघा, पंख्याच्या आधी बसणाऱ्या फिल्टरमध्ये हवा पंख्याकडे जाते. दाबून कोंबू नका, बरोबर मापाचा फिल्टर कडेकडेने हलका घासत सहज बसतो. कडेच्या चौकटीवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. जुना फिल्टर लगेच पिशवीत घालून तोंड बांधून टाका, आणि हे सगळं ज्याला ॲलर्जी आहे त्याने करू नये, करायचंच असेल तर मास्क लावून करावं.

कधी बदलायचा? बऱ्याच कंपन्या १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष यातलं जे आधी होईल ते सांगतात, काहींचा आकडा २०,००० ते ३०,००० पर्यंत जातो, तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते खरं. कच्चे रस्ते, बांधकामाचा धुरळा, रोजचं ट्रॅफिक असेल तर त्याच्या निम्म्यावर एकदा उघडून बघा. गाडी फार चालत नाही म्हणून वर्षाची अट सोडू नका, उभ्या गाडीतही फिल्टर दमट हवेत बसलेला असतोच. पंखा वाढवला की आवाज वाढतो पण वारा वाढत नाही, हे फिल्टर चोंदल्याचं सगळ्यात ओळखीचं लक्षण. दुसरं लक्षण म्हणजे समोरच्या काचेवरचं धुकं निघायला वेळ लागणं. ब्लोअरचा वेग बदलणारा रेझिस्टरही बऱ्याच गाड्यांत त्याच वाऱ्यावर थंड राहतो, वारा कमी झाला की तो जास्त तापतो.

आता हवा आतल्या आत फिरवायचं बटण, गोल वळणाऱ्या बाणाचं चित्र असतं ते. ट्रकच्या मागे, बोगद्यात, धुरात, फुलोऱ्याच्या दिवसांत ते दाबणं योग्यच आहे. बऱ्याच गाड्यांत तीच हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून जाते त्यामुळे आतले कण भराभर कमी होतात. पण ते कायम दाबून ठेवायचं नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो, बंद गाडीत चार-पाच जण श्वास सोडत असले की तो काही हजारांवर जातो, डोकं जड होतं, जांभया येतात, लांबच्या प्रवासात ड्रायव्हरला पेंग येते. हा वायू कुठलाच केबिन फिल्टर काढत नाही. आतली दमट हवा काचेवरही धरते. मी दाट ट्रॅफिकमध्ये बटण दाबते आणि मोकळा रस्ता लागला की बाहेरची हवा चालू करते, मागे मुलं झोपाळली दिसली तरी आधी बटणाकडेच बघते.

आणि फिल्टर फक्त हवेबरोबर त्याच्यापर्यंत पोचणारं अडवतो. सीटच्या कापडात बसलेली धूळ, त्यातले माइट्स म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, पायाने आलेली माती, कुत्र्यामांजराचे केस हे सगळं आतच असतं, बसताना सीटवर थोपटलं तरी उडतं. त्यामुळे व्हॅक्यूम हवाच, आणि सीट कव्हर निघत असेल आणि त्याला चालत असेल तर ६० अंशाच्या पाण्यात धुवा, माइट्स त्याला मरतात. झटकणीने गाडी आतून झटकू नका, ओल्या कपड्याने पुसा.

झाडाखाली गाडी लावत असाल तर बॉनेट उघडून वायपरच्या जाळीवरचा पाला अधूनमधून काढत जा. तो तिथे कुजतो, पाणी जायच्या वाटा बुजतात आणि तेच पाणी फिल्टरवर उतरतं. उंदीरही याच वाटेने येतात आणि फिल्टरचं कापड कुरतडून तिथेच घरटं करतात. लेंड्या किंवा घरटं दिसलं तर कोरडं झाडू नका, व्हॅक्यूमही नको, हातमोजे आणि मास्क घाला, जंतुनाशक फवारून सगळं ओलं करा, थोडा वेळ थांबून ओल्या कागदाने उचला. उंदरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून गंभीर आजार पसरू शकतात.

शेवटी ते वास, ज्यांच्यासाठी फिल्टर उघडायचाच नाही. गोडसर, पाकासारखा वास आणि काचेच्या आतून चिकट धुरकटपणा म्हणजे बहुतेकदा हीटरच्या कॉइलमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतंय. ते विषारी असतं, त्यात इंजिन गरम व्हायची भीती वेगळी. वायर जळाल्यासारखा वास आला तर ब्लोअर बंद करून गाडी बाजूला घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी लगेच बंद करा आणि गॅरेजवाल्याला बोलवा. आणि गाडीत स्वतःच्याच सायलेन्सरचा धूर येतोय असं वाटलं तर काचा उघडा, गाडी थांबवून बाहेर या आणि एक्झॉस्ट तपासल्याशिवाय ती बंद काचांनी चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि कार्बन फिल्टर असो की हेपा, तो त्याला अडवत नाही. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं गाडीत बसल्यावर सुरू होऊन बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर कमी होत असेल तर ती ॲलर्जी समजून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गाडी गॅरेजला लावा.